अकरावं नाव

आमचा पत्ता कुणी विचारला की माय सांगायची, "वखारीमागच्या दहा खोल्या." वखार तेव्हा नव्हतीच. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तिथे लाकडाची वखार होती, ती मोडून मालकाने दहा खोल्यांची एक ओळ बांधली आणि तिच्या मागे-पुढे काही उरलं नसलं तरी नाव तेच राहिलं. रिंगरोडवरून आत वळलं, की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला लूमचे कारखाने, त्यांच्यामध्ये आमची ओळ. पत्र्याचं छप्पर, पुढे सगळ्यांना मिळून एक लांबलचक ओटा, ओट्याच्या एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला दोन संडास. नाना, माय, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ असे आम्ही पाच जण सातव्या खोलीत राहायचो. नाना शिरपूरकडच्या आमच्या गावाहून एका लोखंडी पेटीसह सुरतेला आले आणि समोरच्याच कारखान्यात मागावर लागले. त्या पेटीवर पुढे आमचं देवघर झालं.

मागांचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, असंच म्हणायला हवं. तो इतका सतत असायचा की पंख्याच्या वाऱ्यासारखा अंगावरून जायचा. पाहुणे आले की ते कपाळाला आठ्या घालून विचारायचे, "हे खटखट काय चाललंय?" आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो, कसली खटखट म्हणून. त्या आवाजाने नानांचे कान मात्र पार खाल्ले होते. ते हळू बोलायचे म्हणजे आमच्या मानाने ओरडायचेच. मायला काही खाजगी सांगायचं असलं की ते तिच्या कानाशी तोंड नेत, हात आडवा धरत आणि पहिल्या खोलीपासून दहाव्या खोलीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माय रागावायची, पण तीही हसायची.

माय घरी साड्यांवर चमचमते खडे चिकटवायचं काम करी. मार्केटमधून साड्यांचं गाठोडं यायचं आणि आमच्या एवढ्याशा खोलीत रोज कुणाच्या तरी लग्नाची तयारी असल्यासारखा झगमगाट व्हायचा. गोंदाचा वास जेवणाला लागू नये म्हणून ती चूल ओट्यावर मांडायची. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेवेची लालभडक भाजी, आणि सुट्टीच्या दिवशी फुनके आणि कढी. वाटलेल्या डाळीचे ते मुटके वाफेवर चढले की शेजारचे भीमराव, परभणीकडचे गवंडी, आपल्या दारातून ओरडायचे, "वहिनी, आज आमची चूल पेटवायची नाही का?" आणि माय दोन मुटके जास्तीचेच करायची. आता माझ्या स्वयंपाकघरात सगळं आहे, पण फुनके केले की ते जास्तीचे दोन कुणाला द्यायचे हे कळत नाही, आणि मी ते दुसऱ्या दिवशी परतून खाते.

आमच्या ओळीत एक अकरावं घर होतं, ते खोलीत धरलं जात नसे. दहाव्या खोलीच्या पाठीला टेकून पत्र्याचा एक आडोसा होता, तिथे मणीमासी राहायच्या. त्या अस्सल सुरती. त्यांचे यजमान वखारीचे राखणदार होते. वखार मोडली, पुढे ते वारले, तेव्हा जुन्या मालकाने "तू तारे रे नी अंयां" म्हणून त्यांना तिथेच राहू दिलं. त्याला भाडं नव्हतं, पावतीही नव्हती. त्या आडोशात सूर्य कधी शिरत नसे, म्हणून मासींचा दिवस आमच्या ओट्यावरच जायचा. पांढरा साडला, हातात पापडीच्या शेंगांनी भरलेलं सूप, आणि तोंडाने अखंड बोलणं. थंडीत पोंक आला की त्या कोवळ्या ज्वारीच्या दाण्यांवर शेव घालून आमच्या ओंजळी भरायच्या आणि मायला म्हणायच्या, "तुम्ही लोकं ज्वारी म्हातारी झाल्यावर खाता."

माझी आणि मासींची खरी गाठ पडली ती वर्तमानपत्रामुळे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रोजची बातमी कळल्याशिवाय चैन पडत नसे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून त्या आदल्या दिवसाचं गुजराती वर्तमानपत्र आणायच्या आणि मी शाळेतून आले की हाक मारायच्या, "ए पोयरी, हुं लखेलुं छे आजे?" काय लिहिलंय आज? मी मराठी शाळेत. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं मला आधी उघडी-बोडकी वाटायची. बरीचशी आपल्यासारखीच, पण क, च, ज, ब असे काही वेगळेच. दुकानांच्या पाट्यांवरून मी त्यातली थोडी ओळखत होते. मी अडखळत जुळवत जायची आणि मासी शब्द ऐकून तो नीट म्हणून दाखवायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि मला शब्द येत नव्हता, अशा दोघी मिळून दोन वर्षांत ते वर्तमानपत्र वाचायला शिकलो. नववीत असताना मी घडाघडा वाचत होते. ओळीत कुणाला गुजरातीत कसलाही कागद आला, की तो माझ्याकडे यायचा आणि मी ओट्यावर बसून मोठ्या माणसांसारखा आवाज काढून तो वाचायची. तो मान मला फार आवडायचा, हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे.

प्लेगच्या साथीच्या वर्षी आम्ही सगळे गाडीला लोंबकळत गावी पळालो आणि महिन्याभराने भीत भीत परत आलो. त्यानंतर सुरत बदलायला लागली. सकाळी सहाला रस्ते झाडले जाऊ लागले. आमच्या ओळीच्या तोंडाशी असलेला उकिरडा उचलला गेला, जो मला वाटायचं की जगाच्या अंतापर्यंत तिथेच राहणार. रस्ता रुंद झाला, त्यावर दिवे आले, खाडीला कठडा आला. आम्हाला त्याचा आनंदच झाला होता. मायने तर पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा ओट्यावरून हात जोडले. शहर धुतलं-पुसलं जात होतं आणि आपणही त्यातच आहोत असं वाटायचं. मग एकेक कारखाना शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीत जायला लागला. समोरच्या शेडच्या जागी काचेच्या दारांचं साड्यांचं दुकान झालं. त्याच्या शेजारी सहा मजली इमारत उभी राहिली. किराणावाल्याने दुकान विकलं आणि तिथे आइस्क्रीमचं पार्लर आलं, तिथे अर्धा पाव तेल आणि मूठभर साखर मिळत नव्हती. नानांना रोज सायकलवरून सचिन गाठावं लागायचं. आणि एके दुपारी ती खटखट थांबली. शेवटचा कारखाना बंद झाला होता. आम्ही पोरं ओट्यावर आलो, बायका आल्या, आणि काय झालं ते कुणालाच सांगता येईना. मग भीमरावांची बायको शांताबाई म्हणाली, "अगं बाई, कावळा ओरडतोय बघा." कावळे आधीही ओरडत असणार.

मी दहावीत होते तेव्हा म्हाताऱ्या मालकांच्या मुलाने जागा विकली. घेणाऱ्या शेठला आम्ही कधी पाहिलं नाही. त्यांचं कामकाज बघणारे रमणिकभाई यायचे, पांढरा सफारी, हातात प्लास्टिकची फाइल, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला हाकललं नाही, हेही सांगायला हवं. लिंबायतला एका नव्या ओळीत प्रत्येक भाडेकरूला पक्की खोली, वर स्लॅब, आत मोरी, घरात नळ आणि प्रत्येकाला स्वतंत्र संडास. तसा कागद करून त्यांनी नानांच्या हातात दिला आणि म्हणाले, "वांची लेजो, सोमवारे सही करी आपजो." वाचून घ्या, सोमवारी सह्या द्या.

वाचायला मीच बसले. मंगळवार होता, सणाची सुट्टी होती. ओटा भरला होता. मी गळा साफ करून सुरुवात केली. जमिनीचा नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, मग भाडेकरूंची यादी. एक ते दहा. प्रत्येक नाव आलं की तो माणूस मान हलवायचा. दहावं नाव वाचलं आणि खाली पाहिलं, तर लगेच दुसरा मजकूर सुरू झाला होता. मी बोट मागे नेलं, पुन्हा यादी मनात वाचली. मणीबेन कुठेच नव्हत्या.

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला लख्ख आठवतं. मी मासींचा विचार केला नाही. मी संडासाच्या रांगेचा विचार केला. सोळा वर्षांच्या मुलीला हातात डबा घेऊन, समोरच्या सहा मजल्यांच्या गॅलऱ्यांमधून लोक बघत असताना, त्या ओट्यावरून चालत जाणं काय असतं हे मी इथे वाढवून सांगत नाही. त्या इमारतीत माझ्या वयाची एक मुलगी होती, ती कठड्यावर कोपर टेकून उभी राहायची. बघायची म्हणून नाही, नुसती उभी असायची. मी रोज मरायची. स्वतःच्या दाराआड स्वतःचा संडास, एवढंच मला हवं होतं, आणि ते त्या कागदात लिहिलेलं होतं. मी बोलले तर वाद होणार, सही लांबणार. मी पुढचा मजकूर वाचायला घेतला.

वाचून झाल्यावर लोक उठले. भीमरावांनी गूळ वाटला. मासी सुपातली पापडी सोलत माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "मारुं नाम क्यां आइवुं?"

"खाली, मासी," मी म्हणाले. "शेवटी आहे."

"हारु," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.

त्यानंतरचे तीन दिवस मला भाकरी गिळवेना. मासींनी रोज हाक मारली, मी अभ्यासाचं निमित्त सांगितलं. शुक्रवारी मायने मुद्दाम फुनके केले होते. मी ताटावर बसून नुसती कढी ढवळत होते. तिने विचारलं, "काय व्हयनं वं तुले? जेवस काबर नही?" आणि मी रडायलाच लागले. हुंदके देत तिला सगळं सांगितलं. यादी, दहा नावं, मासींना मारलेली थाप. फक्त संडासाचं सांगितलं नाही. ते मी पुढे कितीतरी वर्षांनी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ते मला तेव्हाच कळलं होतं."

मायने मला मारलं नाही. तिने हातातला मुटका परत भांड्यात ठेवला, हात धुतले आणि नानांची वाट बघत दारात बसली. ते सचिनहून सायकल मारत आले, सायकल भिंतीला लावली. माय त्यांना एका बाजूला घेऊन गेली आणि त्यांच्या कानाशी लागून बोलली. नानांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी हात आडवा धरला आणि आपल्या मते अगदी कुजबुजत विचारलं, "मणीमासीनं नाव नही त्याम्हा? मंग आपली पोरनी काबर सांगं नही?"

नळावर कळशी भरत होती तिचा आवाज तेवढा येत राहिला. मासी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांना अहिराणी अर्धीमुर्धीच कळायची, पण एवढं कळायला तेवढी पुरेशी होती. मी दाराच्या चौकटीत उभी होते. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील, आणि त्यांनी बोलावं असंही वाटत होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ए पोयरी, पाणी आप नी."

मी तांब्या नेऊन दिला. त्यांनी वरूनच पाणी प्यायलं, तांब्या परत दिला, आणि शेजारी फरशीवर हाताने दोनदा थोपटलं. मी बसले. त्यांनी ते वर्तमानपत्र पुढे सरकवलं. मी वाचायला लागले तेव्हा अक्षरं दिसत नव्हती, पण त्यांनी माझी वाट पाहिली. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही दिलं. त्या पाण्याच्या तांब्याइतकं कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

सोमवारी रमणिकभाई आले तेव्हा नानांनी कागद परत केला. "अकरा घरं आहेत. तुमच्यात दहाच लिहिलीत. मी सही करणार नाही."

"नाना, ए तो रसीदवाळां नथी," रमणिकभाई म्हणाले. "रसीद नाही तर रूम नाही. हुं शुं करुं? मी पण नोकर माणूस."

पहिल्या दिवशी सगळे नानांच्या बाजूने होते. आठवड्याने तसे राहिले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. शेजारी पायासाठी खणायला सुरुवात झाली होती, त्यात आमच्या नळाची लाइन फुटली. बायका रस्ता ओलांडून इमारतीच्या मागच्या नळावर जायच्या आणि तिथला वॉचमन दोन कळश्या झाल्या की हात करायचा. एकेक जण येऊन नानांना काहीबाही सांगून सही करायला गेला. भीमराव शेवटी आले. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"नाना, तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "पण माझ्या घरचीचे दिवस भरत आलेत. तिला मी रस्त्यापल्याडून पाणी आणायला लावू का? तुम्हीच सांगा."

नानांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा, सही कर. शांताला आधी बघ."

भीमराव गेले, पण दहा पावलं जाऊन परत आले आणि म्हणाले, "तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आता आमची एकट्याची सही राहिली होती. एका घराच्या हट्टासाठी कुणी अकरावी खोली बांधणार नाही हे नानांनाही कळत होतं. त्यांचं जेवण तुटलं. तोडगा काढला तो मायने. ती साडीवर खडे चिकटवत होती आणि मान वर न करता म्हणाली, "खोली देत नहीत ते नको देऊत. पण नाव त लिहा म्हणो. आपला नावखाले तिनं नाव. ती आपलासंगे राही." आणि मग, खडा जागेवर दाबत, "पण मग आपल्याला कोपऱ्यातली खोली पाहिजे. पुढे मोकळी जागा असलेली."

नव्या ओळीतली कोपऱ्याची खोली कुणाला नको होती, कारण ती रस्त्याच्या वळणावर होती आणि तिच्यापुढे दगडगोट्यांची पडीक पट्टी होती. माय ती जाऊन बघून आली होती, कुणाला न सांगता.

अर्ज मी लिहायचा असं ठरलं. गुजराती मी वाचत होते, लिहिलं कधी नव्हतं. दोन दुपारी मासींच्या शेजारी बसून मी तो लिहिला. त्या सांगायच्या, मी वर्तमानपत्रात शब्द शोधून त्यावर बघून काढायची. त्यांचं नाव लिहिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आ मारुं नाम?" आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, शाई ओली होती ती पसरली. पुन्हा नवा कागद घेऊन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माय, मासी आणि मी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात गेलो. रमणिकभाईंनी अर्ज वाचला. वाचता वाचता ते हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या अर्जात तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

"कोणी शिखवाडलं?" त्यांनी विचारलं.

मी मासींकडे बोट केलं. ते मासींकडे पाहत राहिले. अंगठा उठवणारी बाई, असं त्यांच्या कागदात कुठेतरी लिहिलेलं असणार.

"हे शेठला विचारावं लागतं," ते मायला म्हणाले. मग खिडकीबाहेर बघितलं, टेबलावरचं पाणी प्यायलं, आणि शेठला विचारलं की नाही ते मला आजही माहीत नाही, कारण ते जागेवरून उठलेच नाहीत. त्यांनी आमचा कागद काढला, नानांच्या नावाखाली सुबक अक्षरात लिहिलं, 'तथा मणीबेन', म्हणजे आणि मणीबेन, आणि कोपऱ्याच्या खोलीचा आकडा टाकला. "हवे जाओ," ते म्हणाले, "बीजाने केता नहीं." आता जा, दुसऱ्या कुणाला सांगू नका. आम्ही सांगितलं नाही. आज लिहिते आहे, ते त्यांच्याबद्दल मनात चांगलं आहे म्हणूनच.

संक्रांतीच्या आधी आम्ही हातगाडीवर सामान लादून लिंबायतला गेलो. ओळ मात्र फुटली. कागदात शेजार लिहिलेला नव्हता, तो लिहून घ्यायला हवा हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काही जणांनी मिळालेली खोली लगेच विकली आणि गावी गेले, कुणी सचिनला कारखान्याजवळ राहिलं. दहापैकी चार घरं तिथे टिकली. मायचं कामही काही महिने बुडालं, कारण मार्केटमधले गाठोडीवाले एवढ्या लांब यायला तयार नव्हते. मी मराठी शाळेत दोन शटल रिक्षा बदलून जायची. जुन्या ओट्यावर माणसं जशी येता-जाता एकमेकांच्या अंगावर पडायची, तसं ते पुन्हा कधी झालं नाही. घरातला संडास मला मिळाला. पहिले काही दिवस मी त्यात उगाचच कडी लावून बसायची. त्या सुखाला मी नावं ठेवणार नाही.

पहिल्याच आठवड्यात भीमराव थापी आणि ओळंबा घेऊन आले. शांताबाईला मुलगी झाली होती, बारसंही झालं नव्हतं. त्यांनी त्या पडीक पट्टीवर मासींसाठी एक खोली बांधायला घेतली. विटा जुन्या ओळीच्या, पाडापाडीतून वेचून आणलेल्या. त्यांनी नानांकडून मजुरी घेतली नाही आणि नानांनीही आग्रह धरला नाही. आग्रह धरला असता तर ते बांधकाम तिथेच थांबलं असतं. भीमराव वीट मागायचे, नाना द्यायचे. खिडकी कुठे ठेवायची म्हणून त्यांनी मासींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बधे." सगळीकडे. दोन ठेवल्या, पूर्वेला आणि दक्षिणेला.

मासी तिथे सहा वर्षं राहिल्या. लिंबायतच्या आमच्या गल्लीत सगळे खान्देशचे. नळावर बायका अहिराणीत भांडायच्या आणि ही पांढऱ्या साडल्यातली सुरती म्हातारी मध्ये पडून सुरतीत न्याय करायची. वर्षभरात ती "काय करी ऱ्हायनी वं?" म्हणायला शिकली, तेही चुकीच्या हेलात, आणि पोरं तिला मुद्दाम बोलतं करायची. मी पुढे शिक्षिका झाले. गुजराती शाळेत मराठी पोरांना आणि मराठी शाळेत गुजराती विषय, असं दोन्हीकडे शिकवलं. आता मी अडाजणकडे सातव्या मजल्यावर राहते. मुलाने घर घेतलं तेव्हा मी बिल्डरच्या माणसाला विचारलं होतं, "इथे आधी काय होतं?" तो म्हणाला, "कंई नोतुं, माजी. खुल्ली जगा." काही नव्हतं, मोकळी जागा. गॅलरीत उभी राहिले की अजूनही माझी कोपरं कठड्यावर टेकत नाहीत.

पण मला इथे एवढंच सांगायचं आहे की माझ्या दहावीच्या परीक्षेला रोज मासी माझ्याबरोबर आल्या. मायला काम सोडता येत नव्हतं. केंद्र आमच्या जुन्या भागात होतं. मी आत पेपर लिहायची आणि मासी फाटकाबाहेर निंबाच्या झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन तीन तास बसायच्या. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी परतताना त्यांनी रिक्षावाल्याला जुन्या रस्त्याने घ्यायला लावलं आणि आइस्क्रीमच्या दुकानापाशी थांबवलं.

पलीकडे आमची ओळ नव्हती. जमीन सपाट केली होती, तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. मी खाली उतरायला तयार नव्हते. मासी उतरल्या. उन्हात हात डोळ्यांवर धरून त्यांनी ती सगळी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटलं रडतील. त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, एखाद्या लहान मुलीसारखं.

"आटली जगामां," त्या म्हणाल्या, "आपणे बधां हमातां उतां?"

एवढ्याशा जागेत आपण सगळे मावत होतो? मी रिक्षातून मान बाहेर काढून बघितलं. खरंच, एवढीशीच होती.